एजंट क्षमस्व

छोट्या जाहिरातींच्या शेवटी हे दोन शब्द असतात. दोन बीएचके, दुसरा मजला, पूर्वेची गॅलरी, पाणी मुबलक, एजंट क्षमस्व. वाचणारा खूश होतो, कारण मालक थेट भेटणार आणि दलाली वाचणार. जाहिरात देणारा मालकही त्याच कारणाने खूश असतो. एकाच रकमेवर दोघांचा डोळा, आणि दोघांनीही ती मनातल्या मनात आपल्याच खिशात घातलेली. थेट व्यवहारातलं पहिलं भांडण तिथेच दबा धरून बसलेलं असतं.

गेल्या वर्षी मी सिंहगड रस्त्याला असंच घर घेतलं. १९९६ ची सोसायटी, चार मजले, लिफ्ट मागाहून बसवलेली. मालक निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना पहिल्या भेटीपासून काका म्हणत होते, ते मला ताई. त्यांनी ७० लाख सांगितले होते. पुण्यात जुन्या घराच्या व्यवहारात एजंट दोन्ही बाजूंकडून एकेक टक्का घेतो, कधी दोन मागतो. तिसऱ्या भेटीत मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "काका, एजंट असता तर तुमचे ७० हजार गेले असते आणि माझेही ७०. तुमचे तुम्हाला राहू द्या. माझे तुम्ही किमतीत धरले असतील तर तेवढे काढून टाका."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "धरले होते."

त्या दोन शब्दांनंतर आमचं बोलणं सरळ झालं आणि ६८ लाखांवर थांबलं.

ते बोलायला मला तीन भेटी लागल्या, कारण समोरासमोर बसून पैशांचं बोलणं आपल्या हाडात नाही. "तुम्ही सांगा." "छे, तुम्हीच सांगा." लग्नाच्या बोलणीत आपण मध्यस्थ घालतो आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत मामाला बसवतो, ते याच संकोचापोटी. एजंट नेमका तो संकोच उचलतो. इकडचा आकडा तिकडे सांगतो, तिकडची नाराजी इकडे सौम्य करून पोचवतो. हे काम खरं आहे आणि त्याची किंमतही रास्त आहे. ज्याला हे स्वतः करता येत नाही, त्याने दलालीवरून कुरकुर करू नये. पैसे द्यावेत.

पण एजंटने कागद तपासलेत, अशी जी समजूत घराघरात आहे, तिने आजवर कितीतरी लोकांना गोत्यात आणलंय. एजंट कागद गोळा करतो. तपासण्याचं काम त्याचं नसतं, त्याने ते शिकलेलंही नसतं. व्यवहार पुढे फिसकटला तर जबाबदारीही त्याच्यावर येत नाही. कार्डावर रेराचा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहून लोक निर्धास्त होतात. रेरा कायद्याने एजंटला नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी. महारेराने २०२३ पासून एजंटांना परीक्षा सक्तीची केली, तीही त्याच नोंदणीसाठी, आणि ते चांगलंच केलं. पण तीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा त्या व्यवहाराला रेराचं छत्र नसतं. तिथे तुम्ही, विकणारा आणि तुमची अक्कल.

माझी अक्कल मी पंधरा हजारांत आणखी थोडी विकत घेतली. एका वकीलबाई गाठल्या, माझ्या स्वतःच्या. "बँकेचा वकील बघतोच की," असं मला किमान पाच जणांनी सांगितलं. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. बँकेचे पैसे बुडू नयेत एवढं त्याला पुरतं. कर्जाच्या वर जी माझी स्वतःची पुंजी त्या घरात जाणार होती, तिची काळजी करायला माझ्या बाजूचं कुणीतरी हवं होतं. किचनच्या ट्रॉल्यांवर दोन लाख हसत घालवणारी माणसं वकिलाच्या पंधरा हजारांवर घासाघीस करतात, याचा मला राग येतो. ट्रॉल्या बदलता येतात.

वकीलबाईंनी फाईल उघडली आणि वीस मिनिटांत बोट ठेवलं. घर मुळात काकूंच्या नावावर होतं. १९९६ चा करारही त्यांच्याच नावाचा. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. काका नॉमिनी होते, म्हणून सोसायटीने भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला, काकांचं नाव चढवलं. काकांना वाटलं घर आपलं झालं. सोसायटीला तसंच वाटलं. मलाही, खरं सांगायचं तर, तो शिक्का आणि सह्या बघून तसंच वाटलं होतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे वारसांसाठी घर सांभाळणारा विश्वस्त. सुप्रीम कोर्टाने हे वेगवेगळ्या प्रकरणांत वेळोवेळी सांगितलंय. सोसायटीने नॉमिनीचं नाव लावावं, वारसांचा हक्क मात्र त्याने जात नाही. काकूंनी मृत्युपत्र केलं नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचं घर नवरा आणि मुलं यांच्यात सारख्या वाट्याने जातं. मुलं दोन. म्हणजे काका ज्या घराचे ७० लाख मागत होते, त्यातलं एक तृतीयांशच त्यांचं होतं.

यात काकांची लबाडी काडीची नव्हती. ऐकून ते हादरले. "अहो ताई, तीस वर्षं मी इथं राहतोय," एवढंच ते म्हणत राहिले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. पण विचार करा, मी त्यांच्या प्रामाणिकपणावर विसंबून खरेदीखत केलं असतं आणि दहा वर्षांनी त्यांचा मुलगा किंवा नातू दारात उभा राहिला असता तर? थेट व्यवहारात विकणारा सज्जन आहे हे लगेच कळतं, आणि तोच खरा धोका आहे. माणूस चांगला दिसला की आपण कागद बघणं सोडतो.

मुलगी पुण्यातच होती, मुलगा अमेरिकेत. दोघंही समजूतदार. दोघांनी वडिलांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं ठरवलं. त्यामुळे विकणारे काका एकटेच राहिले आणि परदेशातल्या वारसाच्या वाट्यावर टीडीएसचे जे वेगळे, बरेच जड नियम लागतात, ते टळले. मुलाने तिथल्या भारतीय वकिलातीत बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं, ते इथे आलं. असा कागद राज्यात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, तो भरला. मग हक्कसोडपत्राची नोंदणी. पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत "अहो सोडा ते घर, दुसरं बघा" असं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगत होते, की दुसऱ्या घरातही असंच काहीतरी असेल. निदान इथलं मला माहीत झालंय.

आणि माझे पैसे अडकलेले नव्हते. विसार म्हणून ५१ हजार दिले होते, चेकने. पावतीवर लिहून घेतलं होतं की मालकी हक्कात दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं, तर रक्कम पंधरा दिवसांत पूर्ण परत. ही एक ओळ लिहून घ्या. आपल्याकडे लोक घर आवडलं की त्याच संध्याकाळी दोन-पाच लाख देऊन येतात आणि पावतीवर फक्त तारीख, रक्कम आणि सही असते. मग तो पैसाच तुम्हाला त्या घराला बांधून ठेवतो. दोष निघाला तरी मागे फिरता येत नाही.

बाकी कागदांचं थोडक्यात सांगते. मूळ कराराची ओरिजिनल प्रत कुठे आहे, हा पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न. "बँकेत आहे" म्हणजे कर्ज चालू आहे. कर्ज फिटलंय पण कागद बँकेतच आहेत, असं उत्तर आलं तर विकणाऱ्याला सांगा की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत मिळायला हवेत आणि उशिराबद्दल बँकेला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. पहिल्या खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंत करारांची साखळी अखंड हवी. तीस वर्षांचा सर्च, सूची क्रमांक दोन, भोगवटापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस. हे वकिलावर सोपवा, पण अहवाल स्वतः वाचा. वाचला की समजतो.

आता रोखीबद्दल. काकांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना सुचवलं की १२ लाख रोख घ्या आणि करारात ५६ दाखवा. काकांनी बिचाऱ्यांनी ते मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. मी वही काढली. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. ६८ वर ते होतात ५४ लाख ४० हजार, ५६ वर ४४ लाख ८० हजार. म्हणजे ९ लाख ६० हजार मी ऐन वेळी आणायचे कुठून? उद्या मी घर विकलं तर माझी खरेदी ५६ लाखांचीच धरणार. ते १२ लाख मी दिलेलेच नाहीत, असं धरून त्यावर मलाच भांडवली नफ्याचा कर, आजच्या १२.५ टक्के दराने दीड लाख. आणि काका, तुमच्यासाठी म्हणून सांगते, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. २०१५ पासून हा नियम आहे. घेतली तर जेवढी रोख, तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. बारा लाखांवर बारा लाख.

काकांनी ती वही माझ्याकडून मागून घेतली आणि त्या गृहस्थांना दाखवायला नेली.

एजंट मध्ये असता तर हा प्रस्ताव माझ्यापर्यंत "सगळे असंच करतात मॅडम" या वाक्यातून आला असता, आणि काकांपर्यंत माझी वही कधी पोचली नसती. थेट व्यवहाराचा खरा फायदा मला इथे दिसला. बचत झालीच. पण समोरच्याला त्याचंच नुकसान होण्यापासून थांबवता आलं, याचं मोल मला जास्त वाटतं.

घराबद्दलची माहितीसुद्धा अशीच. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल येते, दर तीन वर्षांनी बाहेरून वॉटरप्रूफिंग करावं लागतं. मे महिन्यात टँकर येतो, त्याचे मेंटेनन्समध्ये वेगळे पैसे लागतात. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी दोनदा गळलं होतं, एकदा भांडण झालं, नंतर त्यांनी फरशी बदलली. हे सगळं काकांनी मी न विचारता सांगितलं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विकणाऱ्यावर हे बंधन घालतो, की जो महत्त्वाचा दोष खरेदीदाराला साध्या पाहणीत कळणार नाही, तो त्याने सांगायचा. काकांनी तो कायदा वाचला नव्हता. शिक्षक होते, एवढंच. तरी तुम्ही मालकाच्या चांगुलपणावर सगळं सोडू नका. सकाळी पाण्याच्या वेळी एकदा जा, रात्री नऊला पार्किंग बघायला जा, वॉचमनशी बोला.

एक टक्क्यासाठी जिवाचं रान करणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत घराच्या खरेदीवर ७ टक्के मुद्रांक शुल्क आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून त्यात एक टक्का सूट मिळते. ६८ लाखांवर ६८ हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. ज्या पुरुषांनी दलालीचा टक्का वाचवायला सहा महिने रविवार घालवले, तेच हे ऐकून "बघू, विचार करू" म्हणतात. मी पाहिलेत असे. कशाचा विचार? टक्का तोच आहे. माझं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. बँकेत मला तीन वेळा विचारलं, "मिस्टर कधी येतील?" मी तिन्ही वेळा सांगितलं की कर्जही माझं आहे आणि सहीही माझीच होईल.

त्याच ६८ हजारांचा आणखी एक आकडा होता. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचा असतो. हे काम एजंट असला तरी आपलंच. टॅन लागत नाही, ऑनलाइन अर्ज असतो, कपात केली तो महिना संपल्यावर तीस दिवसांत भरायचा. कितीतरी लोक विसरतात आणि वर्षाने नोटीस आली की व्याज आणि विलंब शुल्क भरतात. काकांना आधी वाटलं मी त्यांचे पैसे कापतेय. पावती दिली, विवरणपत्रात ते परत धरता येतात हे दाखवलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. काकांसारखी माणसं बँकेच्या व्याजावर जगतात. त्यांना न सांगता ६८ हजार कमी देणं हे कायद्याने बरोबर असलं तरी माणुसकीने चूक आहे. आधी सांगा, कागदावर दाखवा.

सोसायटीने हस्तांतरणाला लाखभर रुपये "विकास निधी" मागितला. मला अपेक्षाच होती. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, २००१ च्या सरकारी आदेशापासून. त्याच्या वर देणगी, निधी, काहीही सक्तीने घेता येत नाही. शिवाय हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १००. आदर्श उपविधींची प्रत मी सोबत नेली होती. समितीच्या बैठकीत आवाज चढले, माझाही चढला. शेवटी २५,६०० चा चेक आणि पावती. गोष्ट साधी आहे, पण दर वेळी नवा माणूस गप्प राहून लाख देतो. शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी वाकडं नको, म्हणून. आणि मग ती प्रथा होते. ज्या समित्या हे करतात त्यांना सरळ सांगते, ही वसुली आहे. रंगकामाला पैसे कमी पडत असतील तर सगळ्या सभासदांकडून घ्या. नव्या माणसाच्या अडचणीतून नको.

एजंटांवर माझा राग नाही. परगावाहून आलेल्या, नोकरीतून सुटी न मिळणाऱ्या माणसाला वीस घरं फिरवून दाखवणारा, वयस्कर विक्रेत्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हात धरून नेणारा एजंट मी पाहिलाय. त्याने घेतलेला टक्का त्याने कमावलेला असतो. माझ्याकडे वेळ होता, काम घरून करण्यासारखं होतं आणि शेजारच्याच भागात पंधरा वर्षं राहिल्यामुळे भाव मला ठाऊक होते. यातलं एकही नसेल तर थेट व्यवहाराच्या हट्टाला पेटू नका.

गेल्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला दिसला. बी विंग, तिसरा मजला, विकणे आहे, एजंट क्षमस्व. संध्याकाळी त्या वहिनी जिन्यात भेटल्या. मी विचारलं, "पहिल्या मालकाचा ओरिजिनल करार आहे ना तुमच्याकडे?" म्हणाल्या, "फाईलमध्ये असेलच की." तासाभराने त्या फाईल घेऊन आल्या. भाग दाखला होता, घरपट्टीच्या पावत्या होत्या, २००३ पासूनची विजेची बिलं व्यवस्थित टाचून ठेवलेली होती. पहिल्या कराराची फक्त झेरॉक्स निघाली, तीही शेवटच्या चार पानांशिवाय. सोमवारी आम्ही दोघी दुय्यम निबंधकाकडे नक्कल मागायला चाललोय. लिफ्टमधला कागद तोवर काढून ठेवायला मी त्यांना सांगितलंय.